गमबूट घातले तर सर्पदंशाचे मृत्यू कमी होतील का?

पावसाळा लागला की सर्पदंशाच्या बातम्या येऊ लागतात. साप कोणता होता, दवाखान्यात लस होती का, हे त्यात असतं. माणसाच्या पायात काय होतं, हे क्वचितच असतं.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये एका मोठ्या अभ्यासाने मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, बहुतेक ग्रामीण भागातले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला.

बुटांचा संबंध काय? बहुतेक दंश पायावर होतात. घोणस गवतात, पाचटात निपचित पडून असते. तिच्यावर पाय पडला की ती घोट्याच्या आसपास चावते. तिथे पोटरीपर्यंत येणारा जाड गमबूट असेल तर धोका बराच घटतो. पूर्ण जात नाही, कारण घोणसचे दात लांब असतात. मण्यारपुढे तर बूट बिनकामाचेच. ती रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, तिथे खाट आणि मच्छरदाणी हवी.

मग शेतकरी बूट का घालत नाहीत? ‘जनजागृती नाही’ हे उत्तर सोपं आहे, पण अर्धवट. काळ्या मातीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो, उन्हात आत पाय उकडतात. बांधावर दहा वेळा काढा-घाला कोण करणार? शिवाय निंदणी-खुरपणीला बायाच जास्त असतात आणि दुकानात माप पुरुषांचं!

पैशांचा भाग आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे. आधी हजारापर्यंत १२ आणि त्यावर १८ टक्के होता. पण रोजंदारीवरच्या मजुरासाठी बूट हा तरीही जास्तीचाच खर्च.

राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यातही लाभ वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यापुरता. सातबारा नसलेला मजूर यात बसत नाही. मृत्यूनंतरच्या २ लाखांची तरतूद होते, तर बुटांच्या जोडीवर अनुदान का नको?

तुमच्या घरी गमबूट असतील, तर घालण्याआधी उलटे करून झटका. आत विंचू बसलेला असू शकतो.