सभागृहातील भट्टी: जबाबदारी कोणाची?

राजकोटच्या गेम झोनमध्ये 25 मे 2024 रोजी लागलेल्या आगीत 27 जण गेले. त्यानंतर गुजरातभर सभागृहांची तपासणी झाली, फायर एनओसी नसलेल्या अनेक जागांना सील लागले. बडोद्यातल्या आपल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनीही कागदपत्रांसाठी बरेच हेलपाटे घातले. ते योग्यच झाले. पण एनओसी मिळते ती इमारतीला. लग्नाच्या आदल्या रात्री केटरर टेम्पोतून ज्या भट्ट्या उतरवतो, त्या त्या कागदावर कुठेच नसतात. म्हणजे दर कार्याला गॅसची नवी जोडणी होते आणि ती तपासतो कोण, तर कोणीच नाही.

बडोद्यात आणखी एक घोळ आहे. आपल्याकडे पाइप गॅस जुना. सभागृहाच्या स्वयंपाकघरात पाइपची लाइन आणि मागच्या अंगणात केटररचे सिलिंडर, असे दोन्ही एकाच वेळी चालते. हे दोन गॅस सारखे नाहीत. पाइपमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे जातो. सिलिंडरमधला एलपीजी जड. तो जमिनीलगत पसरतो, गटारात आणि तळघरात साचतो. म्हणून छताजवळ बसवलेला गळतीसूचक सिलिंडरच्या गळतीला जवळजवळ निरुपयोगी. शेगडीचा जेटही वेगळा लागतो. पाइप गॅसची शेगडी तशीच सिलिंडरला जोडली तर ज्योत उंच उठते, काजळी धरते. तळघरात सिलिंडर ठेवू देणे तर कायमचे बंदच करायला हवे, मग पाऊस असो की जागेची अडचण.

परिमाणही पाहू. गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे 100 किलोपर्यंत एलपीजी साठवायला परवाना लागत नाही. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा, म्हणजे पाच झाले 95 किलो. सहावा आला की मर्यादा ओलांडली. मोठ्या पंगतीला सहावा सहज येतो! आणि त्यात एखादा 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर दिसला तर तो मुळातच बेकायदा. आम्ही आयुष्यभर बँकेत कागद तपासले, त्यामुळे एवढे नक्की सांगतो की दाव्याच्या वेळी विमा कंपनी आधी हेच शोधते.

आचाऱ्यांच्या काही सवयी सर्वांनी पाहिलेल्या आहेत. गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करायचा किंवा गरम पाण्यात उभा करायचा. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि भट्टीचा भडका उडतो. नळी भट्टीखालून नेतात, गळती काडी ओढून पाहतात. साबणाच्या पाण्याला दोन रुपयेही लागत नाहीत.

आचारी गरीब, रात्रभर राबणारा माणूस. त्याच्यावर सगळे ढकलणे आम्हाला पटत नाही. जागा आपली, भाडे आपण घेतो. तेव्हा बुकिंगच्या अर्जातच लिहून घ्यावे: सिलिंडर किती, ते बाहेर मोकळ्या हवेत उभे राहतील का, नळ्या किती जुन्या. भट्टी पेटण्याआधी मंडळाच्या माणसाने पाहून सही करावी. सिलिंडरसाठी अंगणात जाळीची पक्की जागा आणि तिथून स्वयंपाकघरापर्यंत लोखंडी पाइप, हे काम अधिकृत गॅस कंत्राटदाराकडून करून घेता येते. खर्च होईल. रंगमंचाच्या नव्या पडद्याआधी तो करावा, असे आमचे मत आहे, आणि दिवाळीनंतरच्या लग्नसराईचे बुकिंग सुरू होण्याआधी कार्यकारिणीने त्यावर निर्णय घ्यावा.