चिलापी मेली, पण कशाने?

तळ्यात मासे उलटे तरंगू लागले की निदान काठावर उभ्याउभ्याच होतं: पाण्यातला ऑक्सिजन घटला. बऱ्याचदा ते खरंही असतं. विषाणूचं तेवढ्यावर फावतं.

चिलापीचंच, म्हणजे तिलापिया माशाचंच बघा. इस्रायलच्या गॅलिली सरोवरात 2009 पासून ती मोठ्या संख्येने मरू लागली. डोळे गढूळ, अंगावर चट्टे. तिकडे इक्वेडोरच्या तळ्यांतल्या मेलेल्या चिलापीत बिघाड दिसला तो यकृतात. 2014 मध्ये दोन्हीकडची वर्णनं दोन निराळे आजार असल्यासारखी छापून आली. दोन वर्षांनी जनुकीय क्रम वाचला, तर दोन्हीकडे विषाणू एकच निघाला: तिलापिया लेक व्हायरस. त्याच्या आरएनएचे दहा तुकडे. एकाचं इन्फ्लुएंझाशी पुसटसं नातं, उरलेले नऊ कुणाशीच जुळेनात. ओळखीच्या विषाणूंच्या चाचण्यांत असला पाहुणा सापडणार कसा?

त्यात हे तुकडे फिरते. एकाच माशात विषाणूचे दोन स्ट्रेन शिरले की त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. मग एकाच तुकड्यावरून मांडलेली वंशावळ फसवी ठरते, दहाही वाचावे लागतात. जनुकीय क्रम वाचणाऱ्या, मुठीत मावणाऱ्या नॅनोपोर यंत्रावर आता ते जमतं. वर्ल्डफिश या आंतरराष्ट्रीय मत्स्यसंशोधन संस्थेने तर पाठीवरच्या पिशवीत मावणारी प्रयोगशाळा तळ्याकाठी न्यायचा घाट घातला आहे.

भारतात हा विषाणू आढळल्याचं 2018 मध्ये प्रसिद्ध झालं, पश्चिम बंगाल आणि केरळमधून. उजनी धरणातल्या चिलापीवर पोट असलेल्या भिगवण-इंदापूरकडच्या मंडळींनी ही बातमी परगावची समजू नये.

यंत्र उद्या विकत आणता येईल, अडतं ते नमुन्यावर. उन्हात सडलेला मासा चाचणीच्या कामाचा नाही. हवा असतो तो मरणपंथाला लागलेला, लगेच बर्फात घातलेला. तो देणार कोण? रोगाची कुणकुण लागताच व्यापारी भाव पाडतो, हा विषाणू माणसाला होतो असा पुरावा नसला तरी. मग शेतकरी मेलेली मासळी गुपचूप पुरतो आणि उरलेली रातोरात काढून विकतो. त्याला दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही.

केंद्राने 2023 मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' हे अ‍ॅप आणलं, चांगलं केलं. पण बर्ड फ्लूत कोंबड्या मारल्या की सरकार भरपाई देतं, म्हणून पोल्ट्रीवाला निदान तोंड तरी उघडतो. मासेवाल्यालाही तोंड उघडायला तसंच कारण हवं. मरतूक कळवून नमुना देणाऱ्या मत्स्यशेतकऱ्याच्या खात्यात चाचणीच्या अहवालाची वाट न पाहता आठवड्याच्या आत काही रक्कम पडावी, आणि अहवाल येईपर्यंत त्याच्या तळ्याचं नाव बाजारात फुटू नये. मत्स्यव्यवसाय विभागाने सुरुवात उजनीपासून करावी.