परसातील कोंबडी : भाव वाढला, लस मागेच राहिली

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बृहदीश्वराचे मंदिर, १८५५ पर्यंत चाललेली भोसल्यांची राजवट आणि सरस्वती महाल ग्रंथालय उभे राहते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या जिल्ह्याची आणखी एक ओळख आहे. भातशेतीलगतच्या वस्त्यांमध्ये घरामागे गावठी कोंबड्या पाळण्याची रीत येथे फार जुनी आहे. खळ्यावर सांडलेला दाणा, तांदळाचा कोंडा आणि शेतातील किडामुंगी एवढ्यावर त्या जगतात. गेल्या काही वर्षांत मात्र या जुन्या रीतीला हौशी पाळकांचा एक नवा बाजार येऊन मिळाला आहे. कोंबड्यांचा भाव वाढला, त्यांची ने-आण वाढली. परंतु त्यांना रोगापासून वाचविणारी व्यवस्था त्या वेगाने पुढे सरकलेली नाही. तमिळनाडूतील हे चित्र महाराष्ट्रालाही लागू पडते.

या व्यवसायाचा आवाका लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुट पक्ष्यांची एकूण संख्या ८५ कोटी १८ लाखांवर पोहोचली. त्यांपैकी सुमारे ५३ कोटी ४७ लाख पक्षी व्यापारी फार्मवरील, तर सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातील होते. आधीच्या गणनेशी तुलना करता व्यापारी पक्ष्यांची संख्या साडेचार टक्क्यांनी वाढली. परसातील पक्ष्यांची संख्या मात्र जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली. एकूण संख्येत सुमारे १२ कोटी पक्ष्यांसह तमिळनाडू देशात पहिला होता, तर महाराष्ट्र सव्वासात कोटींहून अधिक पक्ष्यांसह पाचव्या क्रमांकावर होता.

हौस आणि उपजीविका

तमिळनाडूत गावठी कोंबड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. लहान चणीची ‘सिरुविडै’ आणि मोठ्या चणीची ‘पेरुविडै’. पहिली अंडी आणि रस्सा यांसाठी घरोघरी असते. दुसरी असील जातीच्या वळणाची, उंच, ताठ मानेची आणि दणकट पायांची. पोपटासारखी चोच आणि पंख्यासारखी शेपटी असलेल्या असील कोंबड्यांना हौशी पाळकांमध्ये विशेष मान आहे. दिंडुक्कलसारख्या शहरांत त्यांची प्रदर्शने भरतात. चोचीचा बाक, शेपटीची ठेवण आणि पिसांचा रंग यांवरून किंमत ठरते. निवडक नरांसाठी हजारो रुपये मोजले जातात आणि क्वचित लाखांची भाषाही ऐकू येते.

असीलची ही कीर्ती आजची नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात असीलच्या रक्तापासून ‘कॉर्निश’ ही जात तयार झाली आणि पुढे याच जातीच्या संकरातून आजची ब्रॉयलर कोंबडी घडली. असीलचा इतिहास झुंजींशीही जोडलेला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजी लावणे गुन्हा ठरविले असून, सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मधील निकालात प्राण्यांच्या झुंजींविरुद्धची भूमिका अधिक ठाम केली. असील पाळणे, वाढविणे आणि विकणे यांना मात्र आडकाठी नाही. त्यामुळे जातीचे जतन करणारा हौशी पाळक आणि झुंजीसाठी नर शोधणारा गिऱ्हाईक हे दोघेही एकाच बाजारात भेटतात, ही या व्यवहाराची एक अडचणीची बाजू होय.

परसातील कोंबडी ही प्रामुख्याने घरातील स्त्रीची मिळकत असते. मुलाची फी, औषधपाणी, अचानक आलेला पाहुणा या प्रसंगी तिलाच हात घातला जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यातील पट्टुक्कोट्टै, ओरत्तनाडू भागांतील नारळाच्या बागा आडव्या केल्या. नव्याने लावलेल्या माडाला फळ धरण्यास काही वर्षे लागतात. तलंग मात्र सहा-सात महिन्यांत अंड्यावर येते. संकटानंतर घर सावरताना हा फरक किती मोलाचा ठरतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच एका रात्रीत खुराडे रिकामे होते तेव्हा तो केवळ हौसेचा हिरमोड नसतो.

मानमोडी आणि घाईची विक्री

खुराडे रिकामे करणारा सर्वांत मोठा रोग म्हणजे राणीखेत. मराठी पाळक त्याला ‘मानमोडी’ म्हणतात. तमिळ भाषेत हिरवट जुलाबांवरून त्याला ‘कळिच्चल’ असे नाव आहे. उत्तराखंडातील ज्या गावात १९२७ च्या सुमारास हा रोग भारतात प्रथम नोंदला गेला, त्याचेच नाव रोगाला चिकटले. पक्षी सुस्त होतो, श्वासाला घरघर लागते, मान पिळवटते आणि लस न दिलेल्या कळपातील बहुतेक पक्षी काही दिवसांत दगावतात. या रोगावर औषध नाही. लस हाच उपाय आहे.

येथेच बाजाराचा प्रश्न उभा राहतो. शेजारच्या घरी मर सुरू झाल्याचे कळताच पाळक काय करतो? आपले पक्षी मरण्याआधी मिळेल त्या भावात विकून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, कारण मेलेल्या कोंबडीचे मोल शून्य आणि आजारी दिसू न लागलेल्या कोंबडीचे निम्मे तरी असते. परंतु रोगाची लागण आणि लक्षणे यांच्यामध्ये बहुधा पाच-सहा दिवस आणि कधी दोन आठवडेही जातात. या मधल्या काळात विकलेला पक्षी निरोगी दिसतो आणि रोग घेऊन दुसऱ्या गावी पोहोचतो. एका घराने वाचविलेले काही रुपये दहा घरांचे खुराडे रिकामे करून जातात. गावठी कोंबड्यांत मानमोडी पसरविण्यात वाऱ्यापाण्यापेक्षा माणसाच्या पिशवीचा आणि टोपलीचा वाटा मोठा असतो.

हौशी बाजाराने यात दोन गोष्टींची भर घातली. पूर्वी पक्षी आठवडी बाजारापुरता, फार तर शेजारच्या तालुक्यापर्यंत जाई. आता छायाचित्र पाहून सौदा ठरतो आणि पक्षी रातोरात शेकडो कोस दूर पोहोचतो. शिवाय, प्रदर्शनात अनेक गावांचे पक्षी एका मांडवाखाली येतात आणि संध्याकाळी आपापल्या खुराड्यात परततात. रोगाच्या प्रसारासाठी याहून सोयीची रचना शोधूनही सापडणार नाही.

लस आहे, पण मापात बसत नाही

लस उपलब्ध नाही, असे मुळीच नाही. पिल्लू आठवड्याचे झाले की डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब आणि आठव्या आठवड्यानंतर टोचण, असा क्रम पशुवैद्यक अनेक वर्षे सांगत आले आहेत. तमिळनाडूचा पशुसंवर्धन विभाग साधारणतः दरवर्षी फेब्रुवारीत दोन आठवड्यांची मोफत लसीकरण मोहीम राबवितो. उन्हाळ्यातील साथ लक्षात घेता ही वेळ योग्यच आहे. परंतु पोंगलचा सण जानेवारीच्या मध्यावर येतो. सणाची खरेदी-विक्री मोहिमेपूर्वीच उरकलेली असते आणि फेब्रुवारीनंतर उबविलेली पिल्ले पुढच्या वर्षीपर्यंत लसीविना राहण्याची शक्यता असते. वर्षातून एकदा येणारी मोहीम आणि वर्षभर चालणारा बाजार यांचा मेळ बसत नाही.

दुसरी अडचण मापाची आहे. लसीच्या कुपीत शंभर वा त्याहून अधिक मात्रा असतात, ती थंड जागी ठेवावी लागते आणि एकदा विरघळविली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. हजारो पक्ष्यांच्या फार्मला हे सोयीचे आहे. आठ कोंबड्यांच्या मालकिणीने कुपी विकत घेतली तरी उरलेली लस फेकूनच द्यावी लागते. तिसरी अडचण वेळेची. कर्मचारी सकाळी दहा-अकरा वाजता गावात येतो, तेव्हा कोंबड्या शेतात पसरलेल्या असतात. पहाटे, खुराड्याचे दार उघडण्यापूर्वी लसीकरण झाले तरच सर्व पक्षी हाती लागतात.

या अडचणींवर संशोधनही झाले आहे. उष्णता सहन करणाऱ्या लसींचा मार्ग ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखविला आणि मोझांबिक, टांझानिया यांसारख्या आफ्रिकी देशांत गावातीलच प्रशिक्षित व्यक्तींच्या हातून त्या घरोघरी पोहोचल्या. तमिळनाडू पशुवैद्यकीय व प्राणिविज्ञान विद्यापीठानेही परसातील कोंबड्यांना खाद्यातून देता येणारी लस विकसित केली. प्रश्न आहे तो प्रयोगशाळेतून खुराड्यापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा. या विद्यापीठाचे ओरत्तनाडू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय २०१२ पासून तंजावर जिल्ह्यातच आहे. त्यामुळे हा टप्पा ओलांडण्याचा पहिला प्रयोग येथेच होणे स्वाभाविक ठरेल.

तंजावरला पशुऔषधांची परंपराही आहे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांचाही अभ्यास होत असे. आजच्या काळात याच विद्यापीठाचे तंजावर येथील केंद्र पारंपरिक वनौषधींच्या वापरासाठी देशभर परिचित झाले. हळद, मिरी, जिरे, कांदा, लसूण यांच्या घरगुती मिश्रणांचा पाळकांना आधार वाटतो आणि किरकोळ तक्रारींत त्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. मात्र मानमोडीच्या बाबतीत वनौषधी ही लसीची जागा घेऊ शकत नाही, हे पाळकांना स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

नवापूरचा धडा

महाराष्ट्राने याच प्रश्नाचे अधिक कठोर रूप अनुभवले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक जाहीर झाला. रोग फार्मवर आढळला. पण ठरावीक परिघातील आदिवासी कुटुंबांच्या निरोगी कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. हाच परिसर बुसरा या नोंदणीकृत देशी जातीचे मूळ क्षेत्र आहे. २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा हीच वेळ आली. जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात चिरनेर येथे घरगुती कोंबड्यांमध्ये हा रोग आढळला. अशा वेळी नुकसानभरपाई मिळते, परंतु ती पक्ष्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या दराने. जातिवंत नरासाठी हौशी पाळकाने मोजलेली किंमत त्यात धरली जात नाही. ही भीती असल्यामुळेच अनेकदा मर लपविली जाते आणि पक्षी गुपचूप हलविले जातात.

भावाच्या मोहाचाही एक धडा आहे. तमिळनाडूतील पेरुंदुरै येथून पसरलेल्या आणि २०१२ मध्ये कोसळलेल्या ईमू योजना, तसेच सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून पसरलेली आणि २०१९ मध्ये कोसळलेली कडकनाथ योजना, या दोन्ही ठिकाणी पक्षी आणि अंडी परत विकत घेण्याच्या हमीवर शेतकऱ्यांनी पैसे गुंतविले आणि अखेर पोलीस ठाण्याची पायरी चढली. पक्षी खाणारे गिऱ्हाईक थोडे आणि पाळण्यासाठी घेणारे अधिक झाले, की भाव नव्या पाळकांच्या भरतीवर उभा राहतो. भरती थांबताच तो कोसळतो. १८४९ मध्ये बोस्टन येथे भरलेल्या कोंबड्यांच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत उसळलेली कोंबड्यांची लाटही काही वर्षांतच ओसरली होती.

पुढे काय

उपाय फार खर्चाचे नाहीत. ब्रिटनमध्ये पूर्वी पन्नास वा अधिक पक्षी असणाऱ्यांनाच नोंदणी सक्तीची होती. २०२४ पासून बहुतेक पाळकांना एका पक्ष्याचीही नोंद करावी लागते. साथ आली तर कोणाला कळवायचे हे माहीत असावे, एवढाच त्यामागील हेतू. आपल्याकडे एवढी सक्ती व्यवहार्य नसली, तरी प्रदर्शनात येणाऱ्या प्रत्येक पक्ष्यासाठी लसीची तारीख नोंदलेले पशुवैद्यकाचे पत्र आवश्यक करणे सहज शक्य आहे. गल्लीतील दहा घरांनी मिळून एक कुपी पहाटे वापरणे, त्यासाठी बचत गटातील एका महिलेला प्रशिक्षण देणे आणि सणापूर्वी मोहिमेची आणखी एक फेरी घेणे, हेही आवाक्यातले आहे.

विकत घेणाऱ्यानेही चोच आणि शेपटी पाहण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. लस कधी दिली? पक्षी कोणत्या गावाहून आला? पिल्ले किंवा उबवणीची अंडी घेताना आईला लस दिली होती का, हेही विचारावे, कारण लस घेतलेल्या कोंबडीच्या पिल्लांना पहिले काही दिवस तिच्याकडून संरक्षण मिळते. आणि नवा पक्षी २१ दिवस वेगळा ठेवावा. खुडूक कोंबडी अंड्यावर जितके दिवस बसते, तितकेच हे दिवस. त्यामुळे हिशेब विसरण्याचे कारण नाही.

परसातील कोंबडीची संख्या वाढते आहे, तिला मान आणि दाम मिळतो आहे, ही समाधानाची बाब आहे. मात्र जोपर्यंत लसीची तारीख ही पक्ष्याच्या किमतीचा भाग होत नाही, तोपर्यंत जो बाजार या पक्ष्याला मोठे करतो आहे, तोच त्याच्या मरणालाही वाट करून देत राहील.