मोडीच्या भावाने

घरातली तांब्यापितळेची भांडी विकली जातात तेव्हा 'विकली' असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. 'मोडीत घातली' म्हणतात. सगळा व्यवहार त्या एका शब्दात आला. घागर गळते की धड आहे, ती कुणाच्या माहेरून आली, तिच्यावर कुणाचं नाव घातलंय, याला भाव नाही. खरं फक्त वजन, आणि त्या वजनातूनही काजळीची, कल्हईची, डागाची घट वजा. या मोडीबद्दल मला बोलायचं आहे. निमित्त आहे टीव्हीवरच्या एका मालिकेचं.

'अमेरिकन पिकर्स' ही मालिका अमेरिकेत जानेवारी २०१० मध्ये सुरू झाली. माइक वोल्फ आणि फ्रँक फ्रिट्झ हे आयोवा राज्यातले दोन पुरुष गाडी घेऊन खेडोपाडी फिरायचे, लोकांच्या कोठारांत, अडगळीत शिरायचे आणि जुन्या वस्तू विकत घ्यायचे. फ्रिट्झ २०२० पर्यंत मालिकेत होते, २०२४ मध्ये ते वारले. तिसरी डॅनिएल कोल्बी. ती दुकान सांभाळणार, फोनवरून कुणाकडे काय पडलंय त्याचा माग काढणार आणि या दोघांना पत्ता देणार. (आपल्या संस्थांची कार्यालयं आठवली ना? दौरा साहेबांचा, फोन ताईंचा.) 'पॉन स्टार्स' ही तिची बहीण २००९ मधली. लास व्हेगासमधलं एक गहाणवटीचं दुकान, गल्ल्यावर आजोबा, बाप, नातू आणि नातवाचा मित्र. गिऱ्हाईक अडलेलं आहे आणि समोरचा भाव पाडतोय, यावर तिथे करमणूक चालते. आमच्याकडे 'गहाण' हा शब्द उच्चारताना बाईचा आवाज आपोआप खाली येतो.

मैत्रिणींनो, मालिका पाहायला मजा येते, हे मी नाकारत नाही. परभणीत एका प्रशिक्षणाच्या मुक्कामी जेवणं झाल्यावर आम्ही दहाबारा जणी टीव्हीपुढे बसलो होतो. कार्यक्रमाची भाषा कुणाला कळत नव्हती, पण आकडे कळत होते. ही मंडळी वस्तू केवढ्याला घेतली, बाजारात तिचे किती येतील आणि नफा किती उरेल, हे पडद्यावर मांडून दाखवतात. तेव्हा सोनपेठकडच्या एका बाईने विचारलं, "हा आकडा त्या म्हातारीला दावला का हो ताई?"

एवढा एकच प्रश्न या मालिकेला विचारायला हवा. बाजारातला भाव प्रेक्षकाला कळतो, घेणाऱ्याला तर तो आधीच ठाऊक असतो. ज्या घरातून वस्तू निघाली त्या घराला तो सौदा होण्याआधी कळला पाहिजे, असा नियम नाही. कधीकधी हे दोघं आपणहून जास्त पैसे देतात, हेही मालिकेत दिसतं. पण तो त्यांचा चांगुलपणा झाला, विकणारीचा हक्क नव्हे.

त्यांच्या युक्त्याही आपल्या ओळखीच्या आहेत. आधी एखादी किरकोळ वस्तू पटकन घ्यायची, म्हणजे घरचा माणूस सैल होतो. मग चारपाच वस्तू एकत्र बांधून एकगठ्ठा भाव करायचा, म्हणजे कशाचे किती गेले ते कळत नाही. आमच्या गल्लीतला मोडवाला याहून वेगळं काय करतो? आधी फुटका तांब्या हाती घेतो, पुढे घंगाळ, परात आणि दोन चरव्या एकदम तोलतो, आणि पैशांऐवजी स्टीलचे डबे मोजून देतो. डब्याची किंमतही तोच ठरवणार. तराजू त्याचा, हिशेब त्याचा. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण या हिशेबात मी धरत नाही. डोक्यावर टोपली घेऊन उन्हातान्हात फिरणाऱ्या त्या बाईच्या हाती तरी दिवसाकाठी काय पडतं?

कुणी म्हणेल, आजच्या सुनांना पितळ नकोच आहे. नकोच असणार! चिंच आणि राख घेऊन हंडे घासण्यात ज्यांचे हात गेले त्यांना विचारा. स्टीलने आपल्याला त्या कष्टातून बरंच सोडवलं आहे आणि मला त्या हंड्यांचे गोडवे गायचे नाहीत. बाईला भांडं विकायचं असेल तर तिने खुशाल विकावं. पण विकायचं की नाही हे तिने ठरवावं आणि खऱ्या भावाने विकावं. इथे नेमकं उलटं होतं. भांडं घासायची पाळी तिची असते, आणि विकायची वेळ आली की मालक दुसराच निघतो.

जिंतूर तालुक्यातली एक बाई बाळंतपणाला माहेरी गेली. परत आली तर माहेरहून आलेला हंडा, दोन घागरी आणि पितळी भगुनं गायब. नवऱ्याने मोटारसायकलचा हप्ता भरला होता. पुढे त्याने तिला घराबाहेर काढलं आणि आम्ही तक्रार द्यायला एका पोलीस ठाण्यात गेलो. तिथले जमादार म्हणाले, सोन्याचं सांगा, भांड्यांचं काय घेऊन बसलात. सोनं तिच्या अंगावर कधी नव्हतंच. तिचं जे होतं ते या भांड्यांतच होतं. मराठवाड्यातल्या गरीब घरात भांडी म्हणजे बाईची बँक. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणाऱ्या म्हाताऱ्या विकलेल्या बैलांबरोबर विकलेल्या हंड्यांचीही नावं घेतात. ही बँक नवरा परस्पर रिकामी करतो आणि त्याला चोरी म्हणायला कुणी तयार नसतं.

कायदा मात्र म्हणतो. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं की स्त्रीधनावर पूर्ण मालकी स्त्रीची. ते सासरी ठेवलं म्हणून नवऱ्याचं होत नाही, आणि त्याने ते हडप केलं तर तो फौजदारी विश्वासघात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात स्त्रीधन विकून टाकणं किंवा अडवून ठेवणं ही आर्थिक छळाची बाब आहे, आणि ते परत करण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. भांडी यातून वगळलेली नाहीत.

वस्तू मोडीतून वाचली, तरी बाईचं नाव वाचतंच असं नाही. पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर फिरून दिवे, अडकित्ते, वज्री, करंडे, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी अशा हजारो वस्तू जमवल्या, लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारींपुढे बायकांच्या हातातल्या वस्तूंना मान देणारा माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. पण त्या दालनांत खरी अज्ञातवासी कोण, तर ती वज्री टाचेवर घासणारी, तो करंडा उघडणारी बाई.

नाव राखून गोळा करता येत नाही असं नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि त्यांत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलं. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या बायकाही त्यात आहेत. जनाबाईचं गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं. गोपाळपूरला लोक तिचं जातं म्हणून एका जात्याला हात लावून पाया पडतात, आणि घरचं जातं हॉटेलवाल्याच्या हिरवळीवर कुंडीखाली जातं. अशा जात्याची खरेदीविक्री होते तेव्हा दळणारी कुठे असते?

आता करायचं काय? एका गावात आम्ही बायकांना नाव घातलेलं एकेक भांडं घेऊन बैठकीला बोलावलं. बहुतेकांवर सासऱ्याचं नाहीतर नवऱ्याचं नाव, काहींवर देणाऱ्या मामाचं. बाईचं स्वतःचं नाव असलेली भांडी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. तिथेच ठरलं की गटाचा एक वजनकाटा असावा. मोड द्यायचीच झाली तर आधी आपल्या काट्यावर तोलायची, बाजारातला भाव विचारायचा आणि पैसे रोख घ्यायचे. फार जुनं, घडणीचं भांडं असेल तर घाई करायची नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. दारात आलेल्या गोडबोल्या माणसाला परवाना दाखव म्हणायला काय हरकत आहे?

दुसरं काम लग्नसराईचं. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालचे १९८५ चे नियम सांगतात की लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. ही यादी किती लग्नांत होते? आहेराची वही मात्र घरोघर असते, कारण परतफेड करायची असते. तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडे तारखा निघू लागतात. त्याआधी प्रत्येक गटाने आपल्या गावात निदान एका मुलीची यादी करून घ्यावी, भांड्यांसकट, वजनासकट. आणि भांड्यावर नाव घालणारा मंडपाशी येऊन बसला की त्याला आधी मुलीचं नाव सांगावं. यादीला छापील कागद लागत नाही, वहीचं पान पुरतं. एक प्रत तिच्या आईकडे, एक गटाच्या पेटीत.