शृंगेरीचा धडा

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजेच एनसीईआरटीच्या, आठवीच्या नव्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकाच्या पहिल्या भागात हैदर अली, टिपू सुलतान आणि इंग्रज-म्हैसूर युद्धे का नाहीत, असा प्रश्न ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यसभेत विचारला गेला. शिक्षण हा समवर्ती सूचीतील विषय असून राज्ये आपल्या पुस्तकांत प्रादेशिक इतिहासाला अधिक स्थान देऊ शकतात, अशा आशयाचे लेखी उत्तर सरकारने दिले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर हे उत्तर घटनेला धरूनच आहे. परंतु ज्या बंगळुरूचा किल्ला मार्च १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपूकडून जिंकून घेतला, त्या शहरात त्याचा व्यवहारातील अर्थ निराळा होतो. बदलीवर आलेल्या मराठी अधिकाऱ्याचा मुलगा केंद्रीय विद्यालयात जातो आणि शेजारच्याची मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत. एकाच शहराचा इतिहास त्या दोघांना सारखा शिकवला जाईल, याची शाश्वती नाही.

राज्याच्या पुस्तकांत तरी स्थैर्य आहे काय? बरगूर रामचंद्रप्पा समितीच्या पुस्तकांची फेरतपासणी भाजप सरकारच्या काळात रोहित चक्रतीर्थ समितीने केली. दहावीच्या कन्नड पुस्तकातील हेडगेवार यांचे भाषण आणि नववीच्या पुस्तकातील बसवण्णांचे चित्रण यांवरून २०२२ मध्ये मोठे वादळ उठले. मे २०२३ मध्ये सत्ता बदलली आणि जूनमध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने हेडगेवार व सावरकर यांच्यावरील पाठ वगळण्याचा निर्णय घेतला. पुस्तके तोवर छापली गेली होती, म्हणून बदलांची पूरक पुस्तिका काढावी लागली. मुख्य पुस्तक एका सरकारचे आणि पुरवणी दुसऱ्या सरकारची, अशी ही व्यवस्था विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली.

याबाबतीत महाराष्ट्राने कर्नाटकाला उपदेश करावा, अशी स्थिती नाही. राज्य मंडळाच्या सातवीच्या पुस्तकात २०१७ मध्ये मराठेशाहीला केंद्रस्थानी आणताना मोगलांचा भाग आक्रसला. एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकात मराठ्यांवर स्वतंत्र प्रकरण आले, याचे मराठी मनाला समाधान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच पुस्तकातील नकाशात जैसलमेर मराठ्यांच्या अमलाखाली दाखवल्याबद्दल तेथील राजघराण्याने आक्षेप घेतला. पाने वाढली म्हणजे इतिहास नीट शिकवला गेला, असे होत नाही.

बंगळुरूतील मराठी माणसाला या प्रश्नाकडे केवळ प्रेक्षक म्हणून पाहता येणार नाही. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या आदिलशाही मोहिमेत शहाजीराजे होते. तिसऱ्या केंपेगौडाकडून घेतलेले हे शहर पुढे त्यांची जहागीर झाले. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराय वडेयरांकडे दिले. शहाजीराजांची समाधी आजही दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरे येथे आहे. हा वारसा मराठी कुटुंबे अभिमानाने सांगतात आणि तसे सांगण्यात काहीच गैर नाही.

मात्र याच वारशात १७९१ मधील शृंगेरीही येते. इंग्रजांच्या बाजूने टिपूवर चालून गेलेल्या परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेतील स्वारांनी आणि पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसे मारली, शारदेच्या मूर्तीला उपद्रव केला. मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी मठाला मदत पाठवली ती टिपूने. त्याची मठाच्या स्वामींना लिहिलेली कन्नड पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांना मठात सापडली.

ही पत्रे कोणत्याही पक्षाला सोयीची नाहीत. मराठी अभिमानाला ती बोचतात. टिपूला केवळ मूर्तिभंजक ठरवणाऱ्यांची ती अडचण करतात. टिपूला निष्कलंक मानणाऱ्यांनाही त्यांचा आधार पुरत नाही. कारण कोडगू, मलबार आणि मंगळूरच्या ख्रिस्ती समाजावरील त्याच्या अत्याचारांचेही पुरावे आहेत. नेमक्या याच कारणाने ती दहावीच्या वर्गात वाचली गेली पाहिजेत. पत्र कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी लिहिले? युद्धात अडकलेल्या राजाचा त्यात स्वार्थ कोणता? पटवर्धनांच्या बाजूची कागदपत्रे काय सांगतात? वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तर छापून आणि राजवाडे यांनी साधनांचे खंड प्रसिद्ध करून अशा पडताळणीची वाट मराठीत शतकापूर्वीच घालून दिली. संशोधकांची ती शिस्त शाळेपर्यंत मात्र पोहोचली नाही.

वेळ कोठून आणायचा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. कर्नाटकात दहावीच्या सामाजिक शास्त्रात इतिहास हा सहा घटकांपैकी एक घटक असतो. परंतु वर्षभरात दोनच प्रसंग मूळ कागदांसह शिकवले आणि परीक्षेत एक अपरिचित उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारला, तर अभ्यासाची दिशा बदलू शकते. दुसरी सुधारणा सरकारांनी करावयाची आहे. पाठ घालणे वा वगळणे हे मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठरू नये. इतिहासकार व शिक्षकांच्या स्थायी मंडळाने, लेखी कारणे जाहीर करून, ते ठरवावे. संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखाली २०२१ मध्ये पाठ्यपुस्तकांवर अहवाल दिला. कर्नाटकाच्या शिक्षण आयोगाने सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. भिन्न विचारधारांच्या सरकारांना तज्ज्ञ अध्यक्ष मराठी मिळाले, हा योगायोग. अहवालांपेक्षा सत्तांतराचा जोर अधिक ठरतो, हा मात्र योगायोग नव्हे.

बदल्यांमुळे तीन राज्ये आणि दोन मंडळे पाहणाऱ्या मुलाला प्रत्येक ठिकाणी नवे वीर आणि नवे खलनायक भेटणार आहेत. पुरावा तपासण्याची सवय तेवढी त्याच्याबरोबर सर्वत्र जाऊ शकते. पालकसभेत मराठ्यांच्या इतिहासाची पाने किती, हे जरूर विचारावे. पण शृंगेरीची पत्रे वर्गात वाचली का, हेही त्याच आग्रहाने विचारले पाहिजे.