फीमाफी की उधारी?

गेल्या रविवारी सकाळी सकाळी भाचीचा फोन. "मामा, चाळीस हजार पाठवशील का? कॉलेजात भरायचेत."

"अगं, पण तुला तर फी माफ आहे ना?"

"माफच आहे रे. पण आत्ता भरा म्हणतात, सरकारकडून आले की परत देणार."

गेल्या वर्षी हेच पैसे दाजींनी पतपेढीतून काढले होते. ते अजून फिटले नाहीत, म्हणून यंदा माझा नंबर. पैशांचं काही नाही हो, पण त्या 'माफ' शब्दाने डोकं फिरलं.

योजना कागदावर झकास आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं होतं. मुलांना निम्म्यावरच ठेवलं. पण विनाअनुदानित कॉलेजला पगार दर महिन्याला करायचे असतात आणि सरकारचे पैसे येणार सवडीने. संस्थाचालक थकबाकीच्या नावाने वर्षानुवर्षं ओरडताहेत. (त्यांची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं :-) ) सरकार कॉलेजांना बजावतं, माफ रक्कम मुलींकडून मागू नका. बरं, नाही मागत. मग मधला खड्डा कोण भरणार? तर दाजी. म्हणजे सातारा जिल्ह्यातला एक शेतकरी व्याजाने पैसे काढून महाराष्ट्र शासनाला बिनव्याजी वापरायला देतो, आणि याला आपण शिष्यवृत्ती म्हणायचं!

मी काही विनाअनुदानितच्या विरोधात नाही. १९८३ साली वसंतदादांनी ते दार उघडलं नसतं तर आज मी कोड लिहीत नसतो. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानंतर निम्म्या सीट फ्री, निम्म्या पेमेंट अशी पद्धत आली. मी फ्री सीटवाला. माझ्या शिक्षणाचा उरलेला खर्च सरकारने नाही, शेजारच्या बाकावरच्या पेमेंट सीटवाल्याच्या वडिलांनी भरला. त्यांना मी अजून थँक्यू म्हटलेलं नाही. २००२ साली सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी टी. एम. ए. पै खटल्यात ती पद्धत मोडीत काढली. ठीक आहे, एकाच्या बापाने दुसऱ्याच्या पोराची फी का भरावी? पण मग ती कुणीतरी भरायला हवी ना, आणि वेळेवर.

बरं, ही फी ठरते कशी? शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजचा ऑडिट झालेला खर्च बघून ठरवतं. आमच्या धंद्यात याला टाइम अँड मटेरियल म्हणतात. खर्च दाखवा, बिल लावा. असल्या प्रोजेक्टमध्ये खर्च कमी करायची घाई कुणाला असते, हे आयटीवाल्यांना मी सांगायला नको. काटकसर करणाऱ्या कॉलेजला बक्षीस काय, तर पुढच्या वेळी कमी फी! आणि ज्यांना एवढंही बंधन नको त्या संस्था खासगी विद्यापीठ होऊन बसतात. तिथे प्राधिकरणही नाही आणि ही फीमाफीही नाही.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी पैसे थेट कॉलेजच्या खात्यात टाका. उशीर झाला तर व्याज द्या. माझा इन्कम टॅक्सचा रिफंड लांबला तर मला व्याज मिळतं की नाही? मग दाजींनी काय घोडं मारलंय? तिजोरीत पैसेच नाहीत म्हणता? तर पाऊण माफीची घोषणा करा, पण ती तरी खरी करा. निवडणुकीआधी शंभर टक्के सांगायचं आणि नंतर पोर्टलकडे बोट दाखवायचं, हा साधा बग नाही, हे डिझाइनच असं आहे.

असो. चाळीस हजार पाठवले. काल भाचीने महाडीबीटीचा स्क्रीनशॉट धाडला. गेल्या वर्षीचा अर्ज: अंडर स्क्रुटिनी.