चाकांवरचं घर आणि बाईची सुट्टी

सहलीला जायचं ठरलं की घरातल्या सगळ्यांना आनंद होतो. बाईलाही होतो, पण तिच्या आनंदाच्या पाठोपाठ एक यादी येते. चिवडा करायचा, दशम्या करायच्या, यांच्या गोळ्या घ्यायच्या, फ्रीज रिकामा करायचा, किल्ली शेजारी द्यायची. निघायच्या दिवसापर्यंत ती इतकी दमते की गाडीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागतो. वर सगळे म्हणतात, "हिला काही बघायची हौसच नाही!"

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही केलेली एक सहल. मुलगा-सून लॉस एंजेलिसजवळ राहतात. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. नातवंडांना मार्चअखेर आठवड्याची सुट्टी होती. मुलानं ठरवलं, आरव्ही भाड्यानं घेऊन वाळवंटातली नॅशनल पार्क बघायची. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, गॅस, फ्रीज, सिंक, संडास, शॉवर सगळं गाडीतच. नातू उड्या मारत होता, हे तर नकाशा घेऊनच बसले.

मुलानं कॉम्प्युटरवर मोठा तक्ता केला होता. रोज किती मैल, कुठे मुक्काम, डिझेल-पेट्रोलचा खर्च किती, काय काय बघायचं. पार्कमधल्या मुक्कामाच्या जागा सहा महिने आधीपासून भरायला लागतात, त्या त्यानं भरल्याही होत्या. मला कौतुक वाटलं. मग सूनबाईनं हळूच विचारलं, "यात स्वयंपाक कोण करणार ते कुठे लिहिलंय?"

मुलगा हसला. "अगं, किचन आहे ना गाडीत! हॉटेल शोधायला नको. आणि आई, होळी नेमकी रविवारी येतेय. वाळवंटात पुरणपोळी! काय मजा येईल!"

सूनबाई गप्प बसली. मैत्रिणींनो, तिचं ते गप्प बसणं माझ्या चांगलं ओळखीचं होतं.

खरं सांगते, माझी पहिली प्रतिक्रिया काही फार शहाणपणाची नव्हती. सूनबाई म्हणाली, "कागदाच्या प्लेटा नेऊ, दोन वेळा सँडविच खाऊ." माझ्या मनात आलं, आठ दिवस पोरांना पावच घालणार की काय ही! मी भारतातून भाजणी आणली होती, थालीपिठाचे बेतही मनात करून ठेवले होते. म्हणजे त्या तक्त्यात न लिहिलेलं काम तिच्या नावावर टाकणाऱ्यांत मीही होतेच.

रात्री झोप येईना, तेव्हा कन्याकुमारी आठवली. मुलगा लहान असताना आम्ही दोन कुटुंबांनी मिळून जीप केली होती. बरोबर वातीचा स्टोव्ह, पातेली, पीठ, सगळा संसार. कन्याकुमारीचा सूर्योदय बघायला सगळे पहाटे किनाऱ्यावर गेले. मी आणि आमच्याबरोबरच्या वहिनी धर्मशाळेच्या ओट्यावर मुलांसाठी दूध तापवत होतो. सगळे परत आले ते तेजाळलेल्या चेहऱ्यानं. मला म्हणाले, "तू यायला हवं होतंस." कसं येणार होते? त्या सूर्योदयाचे फोटो आजही आमच्या अल्बममध्ये आहेत. त्यात मी नाही.

पळसाला पानं तीनच म्हणतात, ते खरंच आहे. स्टोव्हच्या जागी आरव्हीतला गॅस आला, जीपच्या जागी अमेरिकेतली गाडी आली. पण चूल बाईच्या मागे चालत आली की ती सुट्टी कसली?

दुसऱ्या दिवशी मी तक्ता परत उघडायला लावला. पण भांडण केलं नाही, पाण्याचा हिशेब मांडला. पाण्याच्या हिशेबात मला कोण हरवणार? आमच्या मराठवाड्यातल्या गावात नळाला पाणी कधी येणार यावरच बायकांचा आठवडा ठरतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आमच्या बायकांनी ते अंगावर काढलं.

आमच्या गाडीची पाण्याची टाकी होती चाळीस गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटर. पहिले दोन दिवस जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये मुक्काम. तिथल्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर पाण्याचा नळच नाही. प्यायचं पाणी वेगळं न्यायचं, माणशी दिवसाला निदान चार लिटर, असं वाळवंटातली पार्कंच सांगतात. उरलं टाकीतलं पाणी. सहा माणसं, दोन दिवस. माणशी दिवसाला साडेबारा लिटर. त्यातच भांडी, हात-तोंड, आंघोळ, संडास. घरच्या शॉवरमधून मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी जातं!

"आता सांग," मी मुलाला म्हटलं, "पुरणाची डाळ धुवायची, कणीक भिजवायची, कटाची आमटी करायची आणि मग ती तुपकट भांडी घासायची. कोणाच्या वाटणीच्या पाण्यात?"

पोरगा गप्प. सूनबाई मात्र हसत होती.

आणखी एक गोष्ट पुरुषमंडळींच्या ध्यानात आली नव्हती. वापरलेलं पाणी गाडीखालच्या दुसऱ्या टाकीत साठतं. ते जमिनीवर सोडता येत नाही, ठरलेल्या जागीच रिकामं करावं लागतं. ती टाकी भरली की सिंकमधलं घाण पाणी शॉवरमधून वर येतं. मैल्याची टाकी निराळी. ती नळी लावून रिकामी करायची. हे काम कोण करणार? तक्त्यात त्याचाही रकाना नव्हता.

मग आम्ही नवा तक्ता केला. रोज चहा कोण करणार, रात्रीचं जेवण कोण, भांडी कोण आधी कागदानं पुसून मग टबात धुणार, टाक्या कोण बघणार, सगळ्यांपुढे नावं लिहिली. आमच्या यांचंही. नातीला पाण्याच्या टाकीचा काटा रोज बघून वहीत लिहायचं काम दिलं. पुरणपोळ्या शुक्रवारी घरीच झाल्या. पुरण मुलानं घोटलं, पोळ्या मी लाटल्या, भाजल्या सूनबाईनं.

पार्कंही कमी केली. मुलाला आठ दिवसांत पाच बघायची होती. एवढी मोठी गाडी लिटरला जेमतेम चार किलोमीटर देते आणि वळणांवर सावकाशच न्यावी लागते. नकाशावर वीतभर दिसणारं अंतर प्रत्यक्षात अख्खा दिवस खातं. शेवटी जोशुआ ट्री, डेथ व्हॅली आणि झायन ही तीनच ठेवली. झायनमध्ये १९३० साली झालेला मैलभराचा डोंगरातला बोगदा आहे. तो जुन्या लहान गाड्यांच्या मापाचा, म्हणून आपल्या गाडीची उंची-रुंदी आधीच विचारून ठेवायची, हेही सूनबाईनंच लिहिलं. आतल्या दरीत बघायला तर तिथल्या बसनंच गेलो.

सहल कशी झाली? सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. यांनी दोन दिवस भांडी धुतली, तिसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली. चौथ्या दिवशी डोंगर चढताना मात्र ती सुटली! मुलानं मैल्याची टाकी पहिल्यांदा रिकामी केली तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण नंतर तो म्हणाला, "आई, हे काम कोणी बघतच नाही गं." मी म्हटलं, "आमची बहुतेक कामं तशीच असतात, बाळा."

होळीच्या रात्री जोशुआ ट्रीच्या त्या वेड्यावाकड्या झाडांमध्ये बसून आम्ही घरून आणलेल्या पोळ्या तव्यावर गरम करून खाल्ल्या. वर जवळजवळ पूर्ण चंद्र होता. दोन दिवसांनी टाकीत थोडं पाणी उरलं, तर नातीला सुवर्णपदक मिळाल्यासारखं वाटलं.

डेथ व्हॅली म्हणजे जिथे १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, ती जागा. म्हणून तर मार्च निवडला होता. तिथे बॅडवॉटर नावाची जागा समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. एरवी तिथे पांढरं मीठ पसरलेलं असतं. पण ऑगस्ट २०२३ मध्ये वादळी पावसानं पूर येऊन पार्क दोन महिने बंद ठेवावं लागलं होतं आणि पुन्हा फेब्रुवारीतही पाऊस झाला होता. त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा तिथे चक्क पाण्याचा पातळ थर होता, डोंगराचं प्रतिबिंब दाखवणारा. नातीनं बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. खारट! मी त्या पाण्याकडे बघतच राहिले. आमच्याकडे तळं असं भरलेलं दिसलं की बायका ओटी भरतात.

दुसऱ्या दिवशी झॅब्रिस्की पॉइंटला पहाटे गेलो. समोरच्या डोंगरांच्या पिवळट सुरकुत्यांवर ऊन हळूहळू उतरत होतं. सूनबाई कठड्याशी शाल गुंडाळून उभी होती, मी तिच्या शेजारी. मागे गाडीत मुलगा चहा करत होता. त्यानं साखर जास्त घातली होती. पण तो चहा मी अजून विसरलेले नाही.

कोणी म्हणेल, हे अमेरिकेचं कौतुक आम्हाला कशाला? आपल्याकडे खानावळी आहेत, धाबे आहेत. आहेत ना! पण कोकणात 'किचनसह' घर भाड्यानं घेतलं की काय होतं, आठवून बघा. पुरुष समुद्रावर, मुलं वाळूत आणि आपण परक्या घरात मिठाचा डबा शोधत उभ्या! पैसे वाचतात हे खरं. पण ते कोणाच्या सुट्टीतून वाचतात?

माझं म्हणणं एवढंच आहे. सहलीच्या बेतात गाडी, मुक्काम आणि पैसे जसे लिहितो, तशीच कामंही लिहा आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहा. "मी मदत करीन" एवढ्यावर समाधान मानू नका. मदत म्हटली की काम मुळात बाईचंच, असं ठरून जातं. आणि ज्या आपण सासवा आहोत, त्यांनी हे आधी बोलावं. सून बोलली तर उलट उत्तर होतं, आपण बोललो तर मुलगा निदान ऐकून तरी घेतो.

येत्या सुट्टीत तुळजापूरला जा, नाही तर गणपतीपुळ्याला. यादी करायला बसाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना शेजारी बसवा. आणि परत आल्यावर फोटो बघा. त्यात तुम्ही आहात ना, एवढं तपासा.